अडचण आल्यास फोन करावा

३ मार्च, सोमवार

दैनंदिनी लिहिणं हा माझा पिंड नाही. पण काल जेवताना ही म्हणाली, "अहो, ऑफिसातलं जे पुराण रोज मला ऐकवता ना, ते लिहून काढत जा. मला एकदा तरी गरम जेवू द्या." बायकोची इच्छा म्हणून हा खटाटोप.

आज मॅडमनी बोलावलं. मॅडम माझ्यापेक्षा वयाने बऱ्याच लहान. आवाज कधी चढवत नाहीत, त्यामुळे रागावल्यात की खूश आहेत याचा पत्ता लागत नाही. म्हणाल्या, "सर, 'मोट'ची हेल्प नव्याने लिहायची आहे."

मोट माझी. म्हणजे मी बनवलेली. आमची हवामान मोजणारी केंद्रं लांब लांब पसरली आहेत आणि प्रत्येकाकडे चार-सहा मशीन असतात. ती सुटी चालवली तर वाऱ्या-पावसाचा अंदाज निघेपर्यंत पाऊस पडून जातो. एकत्र बांधली की तेच काम पटकन उरकतं. अशा बांधलेल्या मशीनना क्लस्टर म्हणतात आणि बांधायचं काम मोट करते. तिच्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा आणि एंटर मारायचं. 'मोट हेल्प' असं टाइप केलं की कुठला हुकूम काय करतो ते समोर येतं. हुकूम मी मुद्दाम आपल्या भाषेत ठेवले: बांध, सोड, प्रमुख, जबर. तेव्हा लोक हसले होते. आता सगळी केंद्रं तेच टाइप करतात.

मॅडमचं म्हणणं असं की एका कंपनीने तयार, रंगीबेरंगी वस्तू देऊ केली आहे आणि वरच्यांना ती पसंत आहे. मोट वाचवायची तर एकच वाट. पंचवीस तारखेला डोंगरावरच्या केंद्रात नवीन मशीन लागणार आहेत. तिथल्या बाई नव्या आहेत, मोट त्यांनी कधी पाहिलेली नाही. त्यांनी फक्त हेल्प वाचून क्लस्टर उभं करायचं. फोन करायचा नाही. जमलं तर मोट राहील, नाही जमलं तर मोट बंद.

मी म्हटलं, "हेल्पबद्दल आजवर एकही तक्रार नाही."

"नाही, कारण लोक तुम्हाला फोन करतात," मॅडम म्हणाल्या.

मग त्यात वाईट काय आहे? मोट बंद पडली तर मला कोण विचारणार, हा विचार मात्र घरी येईपर्यंत पाठ सोडेना.

४ मार्च, मंगळवार

आज हेल्प वाचली. माझीच, पण लिहिल्यानंतर बहुधा पहिल्यांदाच.

प्रमुख: प्रमुख ठरवते.
सोड: मशीन सोडते.
जबर: जबरदस्तीने करते.

वाचून मलाच हसू आलं. मग वाटलं, यात चूक काय आहे? प्रमुख म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे त्याला एवढं पुरे. ज्याला ठाऊक नाही तो फोन करतो. व्यवस्था चोख आहे.

तरी एक कोडं पडलं. हे वाचून आजवर एकाला तरी काही कळलं असेल का? आणि कळलं नसेल, तर इतकी केंद्रं चालली कशी?

६ मार्च, गुरुवार

बेटावरच्या केंद्रातून फोन. तिथले गृहस्थ माझे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. मी त्यांना बेटवाले म्हणतो. एक मशीन बदललंय, आता प्रमुख कोणतं करू? मशीन बदललं की दर वेळी हाच प्रश्न. मी पहिल्यापासून सांगितलं: प्रमुख मशीन काम वाटून देतं, बाकीची ऐकतात, म्हणून त्यातल्या त्यात नवं आणि धडधाकट असेल ते प्रमुख करायचं. मध्येच ते म्हणाले, "साहेब, एक विचारू का?"

"थांबा, एवढं पुरं होऊ द्या, नाहीतर धागा तुटेल."

पुरं झाल्यावर त्यांनी विचारलं काय, तर लोकरीचे कपडे गरम पाण्यात धुवायचे की गार! मी खो खो हसलो. "अहो, मला काय विचारता? घरात विचारा."

"हो, तेही खरंच," म्हणाले आणि फोन ठेवला.

चहाच्या वेळी मी हा किस्सा सगळ्यांना सांगितला. बेटावर राहून माणूस जरा चक्रम होत असावा. पूर्वी फोनवर मागून त्यांच्या बायकोचं बोलणं ऐकू यायचं, ती बाई मोठी कडक वाटायची. तिने कपडे धुवायला यांना जुंपलं असेल.

मी त्यांना विचारलं होतं, हेल्प वाचता का? म्हणाले, "कशाला? तुम्ही आहात की." हे मात्र मी चहाच्या वेळी सांगितलं नाही. उगाच बढाई मारल्यासारखं दिसलं असतं.

८ मार्च, शनिवार

हिला हेल्प वाचायला दिली. ही औषधांच्या दुकानात काम करते, दिवसभर लोकांना गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगते, तेव्हा परीक्षक म्हणून बरी.

"प्रमुख ठरवते," तिने वाचलं. "कोण ठरवतं? मी की मशीन?"

"तू."

"मग मी काय बघून ठरवायचं? आणि चुकलं तर?"

मी समजावलं. गॅसवर दूध होतं ते विसरून समजावलं. ते उतू गेल्यावर ओटा पुसता पुसता ती म्हणाली, "आता कळलं बघा मला. किती छान सांगता. हेच इथे का नाही लिहिलंत?"

"तेवढी जागा नव्हती."

यावर ती इतकी हसली की फडकं खाली ठेवलं. पडद्यावर जागा कमी असते हे तिला माहीत नाही, त्यामुळे हसली असणार.

११ मार्च, मंगळवार

आज मोठा शोध लागला. कोडं सुटलं, पण सुटल्यावर मीच चाट पडलो.

कुठल्या केंद्राने क्लस्टर कसं बांधलंय ते मुख्य मशीनवर दिसतं. ते बघावं असं मला आजवर कधी वाटलं नव्हतं. आज नुसतं कुतूहल म्हणून उघडलं. पहिल्या क्लस्टरचं नाव 'नमुना'. दुसऱ्याचं नमुना. तिसऱ्याचं नमुना. खाली सरकत गेलो, सगळी नमुना! आणि प्रत्येकात मशीन तीनच.

का, ते लगेच ध्यानात आलं. हेल्पच्या शेवटी मी एक उदाहरण दिलंय:

मोट बांध नमुना ३

सगळ्यांनी वरचं सोडून दिलं आणि हे जसंच्या तसं उचललं. ज्यांच्याकडे पाच मशीन, त्यांनी तीन. ज्यांच्याकडे सहा, त्यांनीही तीन. म्हणजे उरलेली मशीन इतकी वर्षं करतायत काय?

बेटवाल्यांना मीच फोन लावला. "तुमच्याकडे मशीन पाच. बांधलीत तीन. बाकीची दोन काय करतात?"

"चालू आहेत साहेब. दिवे लागतात. मी रोज पुसतो."

"पण बांधली का नाहीत?"

"तुम्हीच तीन लिहिलंय ना. म्हटलं, साहेबांच्या हातचं आहे, त्यात काहीतरी विचार असणार."

दर महिन्याला हे मला फोन करतात की संध्याकाळचा अंदाज उशिरा येतो, काय करू. आणि दर महिन्याला मी त्यांना पंखा साफ करा, तार तपासा, असं तास-तासभर सांगतो. मशीन किती बांधलीत हे मी एकदाही विचारलं नाही. आज मिनिटभरात दोन्ही जोडून घेतली.

फोन ठेवता ठेवता त्यांनी अजून एक विचारलं. बँकेत दोघांच्या नावावर खातं असेल तर एकाचं नाव काढायला काय करावं लागतं? मी म्हटलं, बँकेत जाऊन विचारा. घरात काहीतरी धुसफुस चाललेली दिसते. नवरा-बायकोच्या भानगडीत आपण पडू नये.

मॅडमना शोध सांगितला. त्यांना धक्का वगैरे बसला नाही. सगळे अंदाज नमुना याच नावाने येतात, त्यातला कुठला कुणाचा ते लावायला त्यांनी एक माणूसच ठेवलाय म्हणे. मी त्याला रोज बघतो. मला वाटायचं तो नुसता बसलेला असतो.

१२ मार्च, बुधवार

लोक हेल्प वाचत नाहीत, उदाहरण उचलतात. मग असं उदाहरण लिहायला हवं की उचललं तरी बिघडणार नाही. यात डोकं घालायला मजा येते आहे, खोटं कशाला बोलू. नवीन लिहिलं:

मोट बांध केंद्राचं-नाव मशीनची-संख्या

ऑफिसातली तीन जुनी मशीन घरी आणून जेवणाच्या टेबलावर मांडली आहेत. ("आता जेवायचं कुठे?" "ओट्यापाशी.") हिला बसवलं. तिने शांतपणे अक्षरन् अक्षर टाइप केलं: केंद्राचं-नाव.

"अगं, तिथे केंद्राचं नाव घालायचं!"

"मग घातलं की."

"म्हणजे खरं नाव!"

"तसं सांगा ना मग. तुम्ही लिहिलं, मी टाइप केलं. आमच्या दुकानात एक आजोबा महिनाभर गोळी जेवणाच्या ताटाखाली ठेवत होते. 'जेवणाबरोबर' असं लिहिलं होतं ना."

शेवटी मोटेलाच शहाणं केलं. कुणी उदाहरणातलंच नाव दिलं तर ती अडून बसेल आणि म्हणेल: हे नाव उदाहरणातलं आहे, तुमच्या केंद्राचं द्या. आणि मशीन किती आहेत ते तिने स्वतः मोजायचं आणि कमी बांधली तर विचारायचं. ही म्हणाली, "बघा, किती सोपं होतं." सोपं होतंच. पण इतक्या वर्षांत कुणी मागितलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

मॅडमनी कच्चं लिखाण वाचलं. 'जबर'चं आवडलं. ("मशीन व्यस्त असलं तरी हिसकावून घेते. त्यावर चालू असलेलं काम जाईल. आधी विचार करा, मग वापरा.") पण पेन्सिल हातात धरूनच वाचत होत्या.

"सर, प्रत्येक तुकड्याच्या शेवटी तुमचा नंबर आहे."

"अडचण आल्यास फोन करावा. साधं सौजन्य आहे."

"आणि हे बघा. प्रमुख मशीन बंद पडलं तर काय करायचं? इथे फक्त 'याबाबत फोन करून विचारावे' एवढंच आहे."

मी सांगितलं की ते फार नाजूक काम आहे. दुसऱ्या मशीनला प्रमुख करताना क्रम चुकला तर दोन मशीन स्वतःला प्रमुख समजायला लागतात आणि मग सगळा सावळा गोंधळ. अशा गोष्टी लिहून कळत नाहीत, समोरासमोर किंवा निदान फोनवर सांगाव्या लागतात.

"लिहून पाहा," मॅडम म्हणाल्या. "परीक्षेत तेही आहे. बाई मुद्दाम प्रमुख मशीन बंद करणार आहेत."

बघतो. वेळ मिळाला पाहिजे.

१६ मार्च, रविवार

वेळ मिळाला नाही. सकाळी कपाट आवरलं, दुपारी सायकलला तेल घातलं, नंतर जुने चार्जर वेगळे केले.

ही बघत होती. संध्याकाळी म्हणाली, "ते प्रमुखाचं लिहून झालं?"

"ते लिहिण्यासारखं नाही."

"लिहिलंत तर कुणी विचारणार नाही, असं वाटतंय ना तुम्हाला?"

मी चिडलो. म्हटलं, दिवसभर फोन उचलून माझं डोकं उठतं, कुणी विचारलं नाही तर सुटलोच. तिने हातातला चार्जर खोक्यात टाकला. मग म्हणाली, "मागच्या सहलीत तुम्ही तळ्याकाठी बसून कुणाला तरी फोनवर क्लस्टर बांधून दिलंत. मी होडी घेऊन एकटी तळ्यात फिरून आले. परत आले तर तुम्ही फोनवर इतके खुशीत हसत होतात. माझ्याशी बोलताना तुम्ही तसे हसत नाही हो."

हे काही खरं नाही. हिच्याशी बोलताना हसण्यासारखा विषय निघत नाही, एवढंच. पण वाईट वाटलं. 

१८ मार्च, मंगळवार

डोंगरवाल्या बाईंचा फोन आला. परीक्षेआधी ओळख करून घ्यावी म्हणून, मदतीसाठी नाही, असं पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. बाई चटपटीत वाटल्या. मीच त्यांना खोदून खोदून विचारलं: खोलीत मशीन कुठे आहेत, पडद्यासमोर बसल्यावर हात कुठवर पोचतो, उजेड कसा आहे, सोबत कोण असतं.

"कुणी नसतं. खाली गावं आहेत नदीच्या काठाला. पूर येणार असला तर आमच्याकडून निरोप जातो, मग ते गुरं-ढोरं घेऊन वर सरकतात."

मी म्हटलं, "वादळात प्रमुख मशीन बंद पडलं तर घाबरू नका, सरळ मला फोन करा."

"सर, वादळात इथे सगळ्यात आधी फोन जातो," बाई म्हणाल्या. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं. मला आजवर जे फोन आले ते फोन चालू असताना आले, हे इतकं उघड आहे, पण लक्षातच आलं नव्हतं. ज्यांचे आले नाहीत त्यांनी काय केलं असेल? बाईंच्या आधीच्या माणसाने अशा वेळी काय केलं होतं, असं विचारलं. त्या म्हणाल्या, वाट बघितली होती.

फोन ठेवल्यावर लिहायलाच बसलो.

२० मार्च, गुरुवार

प्रमुखाचं लिहून झालं. आधी काय बघायचं, कशाला हात लावायचा नाही, पडद्यावर काय दिसलं की पुढे जायचं, काय दिसलं तर थांबायचं. माझा नंबर सगळीकडून काढला. फक्त अगदी तळाशी एकदा ठेवला, तेवढं मॅडम चालवून घेतील.

जेवणाच्या टेबलावर हिची परीक्षा घेतली. तिने प्रमुख मशीनची तार सरळ उपटली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो, कारण ते सारखे पुढे जात होते. ती एक ओळ वाचायची, टाइप करायची, पडदा बघायची, पुढची ओळ वाचायची. एका ठिकाणी अडली. मी तोंड उघडणार तेवढ्यात, "गप्प बसा हो," म्हणाली आणि दोन ओळी मागे जाऊन स्वतःच सुटली. दुसरं मशीन प्रमुख झालं. मला न विचारता!

ती उठून नाचायचीच बाकी होती. मीही टाळ्या वाजवल्या. मग तिचं काम मी पुन्हा ओळीओळीने तपासलं. एकही चूक सापडली नाही.

२५ मार्च, मंगळवार

परीक्षा झाली.

मॅडमच्या खोलीत आम्ही दोघं. डोंगरावर काय चाललंय ते पडद्यावर दिसत होतं, पण आम्हाला मध्ये पडता येत नव्हतं. बाईंनी आधी 'मोट हेल्प' टाइप केलं आणि मग बराच वेळ काहीच केलं नाही. वाचत असणार. मला ते इतकं नवीन होतं की काहीतरी बिघडलंय असंच वाटलं. मग त्यांनी नाव दिलं आणि एक एक मशीन येऊन जोडलं जायला लागलं. शेवटचं अडलं. बाईंनी 'जबर' टाइप केलं.

माझा हात फोनकडे गेला.

"सर," मॅडम म्हणाल्या.

बाईंनी एंटर मारलंच नाही. 'जबर' पुसलं. पुन्हा हेल्प उघडली, मशीन मोकळं होईपर्यंत थांबल्या आणि मग साध्या 'बांध'ने बांधलं. माझा जीव भांड्यात पडला. नंतर त्यांनी प्रमुख मशीन बंद केलं आणि आमच्या हिने केलं तसंच ओळीने करत दुसरं प्रमुख केलं, आमच्या हिच्यापेक्षाही सावकाश.

मॅडम चक्क हसल्या. मोट राहिली. कंपनीला नकार कळवणार आहेत. नवी हेल्प आजच सगळ्या केंद्रांना गेली. बाईंचा निरोप आला: "कुणीतरी शेजारी बसून सांगतंय असं वाटत होतं."

हिला फोन करून सांगितलं तर दुकानातच ओरडली. घरी आलो तेव्हा तिने टेबल मोकळं करून जेवायची तयारी केली होती. मी खूश आहे. खूश असायलाच हवं.

२८ मार्च, शुक्रवार

परीक्षेनंतर एकही फोन नाही. दुपारी रिसीव्हर उचलून बघितला, फोन चालू आहे.

मॅडमनी विचारलं, आता मोकळा वेळ आहे तर पुढे काय करायला आवडेल. सांगतो म्हटलं.

घरी ही म्हणाली, बोला की काहीतरी. आज सांगण्यासारखं काही घडलं नाही म्हटलं, तर तिने तिच्या दुकानातलं सांगायला घेतलं. एक गिऱ्हाईक खोकल्याच्या औषधाची चव बघून पसंत करतं म्हणे. मी हसलो. ती माझ्याकडे बघतच राहिली.

३१ मार्च, सोमवार

महिना संपला आणि बेटवाल्यांचा फोन नाही. ते महिनाअखेरीस न चुकता करतात. ऑफिस सुटता सुटता मीच लावला.

"सगळं ठीक ना? अंदाज वेळेवर येतोय?"

"अगदी वेळेवर साहेब. पाचही मशीन पळतायत."

"प्रमुखाचं काही?"

"नवीन हेल्पमध्ये सगळं आहे. एका वाचनात कळलं."

"मग काहीच अडचण नाही."

"मशीनची नाही," ते म्हणाले. मागे वाऱ्याचा आवाज येत होता. "फोन करावासा वाटत होता. पण आता विचारायचं काय? उगाच तुमचा वेळ कशाला घ्या."

"घ्या हो, वेळच वेळ आहे," मी म्हटलं.

"साहेब, थंडीत बायको गेली माझी," ते म्हणाले. "तुम्हाला सांगायचं होतं. प्रत्येक वेळी ठरवायचो, मशीनचं संपलं की सांगू. पण तुम्ही मशीनचं इतकं जीव तोडून सांगायचात, की ते संपेस्तोवर माझा धीर संपायचा."

लोकरीचे कपडे. बँकेतलं नाव. आणि मी म्हटलं होतं, घरात विचारा. चहाच्या वेळी सगळ्यांना हसवलं होतं. कान इतके तापले की रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावावा लागला.

मी माफी मागायला लागलो, तर ते म्हणाले, "नाही हो, ते राहू द्या," आणि बोलायला लागले. शेजारच्या टेबलावरचे लोक उठून घरी गेले. मी बसून राहिलो आणि त्यांना बोलू दिलं. संध्याकाळचं वाऱ्याचं माप मनोऱ्यावर चढून घ्यावं लागतं. इतकी वर्षं ते माप तीच घ्यायची म्हणे, यांना उंचावर चक्कर येते. मला वाटायचं सगळं तेच करतात. आता ते एकटे चढतात, कठडा धरून, डोळे अर्धे मिटून, आणि वर पोचल्यावर बराच वेळ खाली यायचं धाडस होत नाही.

"वरून काय दिसतं?" मी विचारलं.

"वरून?" ते म्हणाले. आणि सांगायला लागले.